ओवेन्सबरोचं मटण आणि बँजो: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पश्चिमेला, ओहायो नदीच्या काठावर ओवेन्सबरो नावाचं गाव आहे. वस्ती साधारण साठ हजार, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. इथे दोन गोष्टींचं वेड आहे: लाकडाच्या धगीवर रात्रभर भाजलेलं मेंढीचं मटण आणि ब्लूग्रास संगीत, म्हणजे बँजो, फिडल अशा तारवाद्यांवरचं इथलं गाणं. आम्ही लुईव्हिलला राहतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारी तीनला पोचलो. मटण संपलेलं, सावली संपलेली, आणि शाकाहारी सासूबाईंच्या ताटात जे बीन्स आले त्यात डुकराचे तुकडे निघाले. गाणं काही कळलं नाही. परत येताना नवरा म्हणाला, "यापेक्षा घरी खिचडी टाकली असती." नंतर पाच वेळा गेलो, आणि आता ओळखीतली नवी मंडळी जायच्या आधी मलाच फोन करतात. तेच सगळं इथे लिहिते.

१. आधी ठरवा, नक्की कशाला जायचंय

बार्बेक्यू आणि ब्लूग्रास एकाच मांडवात मिळतील असं धरून चालू नका. निवड तिघांतून करायची आहे.

पहिला पर्याय म्हणजे मे महिन्यातला बार्बेक्यू महोत्सव. १९७९ साली सुरू झालेला आंतरराष्ट्रीय बार-बी-क्यू महोत्सव आता बंद झालाय; त्याच्या जागी २०२२ पासून 'बीबीक्यू अँड बॅरल्स' नावाचा महोत्सव नदीकाठच्या जुन्या गावठाणात भरतो. इथे खाणं मुख्य, गाणं मिश्र. बँजोच ऐकायचा असेल तर कार्यक्रमपत्रिका बघून मगच निघा.

दुसरा, 'रॉम्प' नावाचा ब्लूग्रास महोत्सव. हा जूनच्या शेवटी यलो क्रीक पार्कात चालतो. गावातल्या ब्लूग्रास म्युझिक हॉल ऑफ फेमचे लोकच तो भरवतात. तिकीट लागतं, बरेच लोक तंबू किंवा कॅम्परव्हॅन घेऊन मुक्कामाला येतात. गाणं मुख्य, खाणं ठेल्यांवरचं.

तिसरा पर्याय जाहिरातीत दिसत नाही, पण मला सगळ्यांत आवडतो तो हाच: चर्चच्या पिकनिका. उन्हाळाभर आसपासच्या कॅथलिक चर्चांमध्ये, बहुतेक शनिवारी, त्या होतात. गावातले पुरुष रात्रभर जागून मटण भाजतात, बायका हॉलमध्ये केक आणि कोशिंबिरी मांडतात, बिंगो चालतो, गोधडीची लॉटरी निघते आणि जमलेले पैसे चर्चला नाहीतर शाळेला जातात. आपल्या गावच्या उरुसात कायलीभोवती उभे राहणारे काका आठवतात का? तेच काका, डोक्यावर फक्त बेसबॉलची टोपी.

पहिलीच वेळ असेल आणि घरात मुलं असतील तर मे महिन्यातला महोत्सव निवडा. नदीकाठी स्मदर्स पार्कात मुलांसाठी मोठं खेळाचं मैदान आहे. तारखा आयोजकांकडून त्या वर्षीच्या खात्री करून घ्या, गेल्या वर्षीच्या फोटोवरून ठरवू नका.

२. बरोबर काय न्यायचं

- फोटो असलेलं ओळखपत्र. बीअर घ्यायची असेल तर भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स दाखवून बहुतेक वेळा काम होत नाही. पाहुणे आलेले असतील तर त्यांचा पासपोर्ट घ्या.
- ग्रीन कार्ड नसलेल्यांनी आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या सरकारी नोंदीची, छापील प्रत. कोणी मागेल म्हणून नव्हे. अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा इथला कायदाच आहे.
- तिकिटाचा स्क्रीनशॉट. मैदानात गर्दी झाली की नेटवर्क जातं आणि दारात ईमेल उघडत नाही.
- रोख रक्कम, तीही एक आणि पाचच्या नोटांत. चर्चच्या पिकनिकला शंभराची नोट पुढे केलीत तर मोड शोधायला कोणाला तरी पळावं लागतं.
- घडीची खुर्ची, माणशी एक, बुटक्या पाठीची. का ते पुढे.
- टोपी, सनस्क्रीन, रेनकोट. छत्री नको, मागच्यांना दिसत नाही.
- किडे पळवणारा स्प्रे. उंच गवतात गोचीड असते आणि चिगर नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. मोज्याच्या इलास्टिकखाली चावतात आणि आठवडाभर खाजवायला लावतात. मोजे लांब घाला.
- घट्ट झाकणाचा डबा आणि बर्फाची पेटी. पेटी मैदानात नेऊ देतात की नाही हे आधी वाचा. नसेल तर गाडीत ठेवा.

हॉटेलचं म्हणाल तर मुक्काम करायचाच असेल तर दोन-तीन महिने आधी खोली घ्या. उशीर झाला तर नदीपलीकडे इंडियानात, एव्हान्सव्हिलच्या बाजूला बघा.

३. रस्ता आणि घड्याळ

लुईव्हिलहून इंटरस्टेट ६४ ने इंडियानात शिरायचं, यूएस २३१ ला दक्षिणेकडे वळायचं आणि नॅचर पुलावरून ओहायो नदी ओलांडायची. दोन तास. नॅशव्हिलकडून येणाऱ्यांनी इंटरस्टेट ६५ ने बोलिंग ग्रीनपर्यंत यावं आणि तिथून इंटरस्टेट १६५ धरावा.

गंमत अशी की लुईव्हिल आणि ओवेन्सबरो एकाच राज्यात असूनही दोघांची घड्याळं वेगळी. लुईव्हिल ईस्टर्न वेळेवर, ओवेन्सबरो सेंट्रल वेळेवर, म्हणजे एक तास मागे. जाताना एक तास फुकट मिळतो. येताना तो वसूल होतो. तिथे रात्री दहाला निघालात तर घरी पोचायला एक वाजतो, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं. फोन आपोआप वेळ बदलतो, पण गाडीतलं घड्याळ आणि हातातलं घड्याळ बदलत नाही. आमच्यात दोन माणसांचं दोन घड्याळांवरून भांडण झालेलं आहे.

४. पोचलात की आधी जेवा

ही या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची सूचना. गाणं रात्रीपर्यंत असतं, मटण नसतं. ते आदल्या दिवशी चढवलेलं असतं, तेवढंच असतं. संपलं की संपलं. सकाळी अकराच्या आत रांगेत उभे राहा.

रांगेत उभं राहण्याआधी मात्र पाच मिनिटं भट्टी बघून या. सिमेंटच्या पोकळ विटा रचून कमरेएवढी लांबलचक चूल केलेली असते. खाली हिकरीच्या लाकडाचा निखारा, वर लोखंडी जाळी, जाळीवर मेंढीचे मोठे तुकडे. कोणीतरी बादलीत फरशी पुसायचा असतो तसला सुती मॉप (कोरा, घाबरू नका) बुडवतो आणि मिठाचं, व्हिनेगरचं पाणी मटणावर सपासप मारतो. निखाऱ्यावर थेंब पडतात, पांढरा धूर उसळतो, आणि तो माणूस डोळे मिटून एक पाऊल मागे सरतो. हे रात्रभर चालू असतं. बाजूच्या चुलीवर कोंबड्या दोन जाळ्यांच्या मध्ये अडकवलेल्या असतात. दोघे जण दोन टोकांना धरून, "हं" म्हणून, अख्खी जाळी एकदम उलटी करतात.

बाकी अमेरिकेत बार्बेक्यू म्हणजे डुक्कर नाहीतर गोमांस. इथेच मेंढी का? इथले लोक सांगतात ती गोष्ट अशी: १८१६ च्या जकात कायद्याने परदेशी लोकरी कापड महाग झालं, म्हणून या भागात लोकरीसाठी मेंढ्या पाळणं परवडू लागलं. लोकर देऊन देऊन म्हातारी झालेली मेंढी चिवट असते, वासही उग्र. ती मऊ करायला मंद धग आणि भरपूर वेळ लागतो. त्या गरजेतून ही पद्धत आली. त्यामुळे "मटण" म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जो बोकड येतो, तो इथे नाही. पुणेकरांना एका शब्दात सांगायचं तर हे बोल्हाईचं मटण आहे.

मागताना दोन शब्द लक्षात ठेवा. 'स्लाइस्ड' म्हणजे कापांचं, ज्यात मांसाची खरी चव आणि धुराचा वास कळतो. 'चॉप्ड' म्हणजे बारीक कुटून सॉसमध्ये कालवलेलं. पहिल्यांदा स्लाइस्ड घ्या. बरोबर मऊ पांढरा पाव, कच्चा कांदा आणि काकडीचं लोणचं येतं. रस्सा येत नाही. मी पहिल्या वेळी वाढायच्या खिडकीतल्या आजोबांना "ग्रेव्ही?" असं विचारलं, तर त्यांनी पातळ काळ्या पाण्याची वाटी सरकवली. त्याला 'डिप' म्हणतात: व्हिनेगर, वूस्टरशायर सॉस, मिरी, थोडी साखर. वूस्टरशायरमध्ये चिंच असते, त्यामुळे जिभेला काहीतरी ओळखीचं लागतं. थोडंच घ्या, आंबट आणि खारट असतं.

कापाच्या कडेला गुलाबी पट्टा दिसला तर ते कच्चं म्हणून परत करू नका. धुरामुळे तसा रंग येतो.

मग बर्गू. हे दाट कालवण आहे: मेंढी, कोंबडी, मका, बटाटा, कोबी, टोमॅटो, सगळं मोठ्या कढयांत तासन् तास शिजवून, वल्ह्याएवढ्या लाकडी पळ्यांनी ढवळत एकजीव केलेलं. आपल्या जिभेला पहिल्या चमच्यातच जवळचं वाटतं. एक सावधगिरी: काही ठिकाणी बर्गूत गोमांसही घालतात. खात नसाल तर खिडकीत सरळ विचारा, "बीफ आहे का?" कोणी रागावत नाही.

मोठ्या स्पर्धांबद्दल एक गैरसमज काढून टाकते. अमेरिकेतल्या बऱ्याच बार्बेक्यू महोत्सवांत कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या नियमांनी स्पर्धा होते. कोंबडी, बरगड्या, डुकराचं मांस आणि ब्रिस्केट (छातीकडचं गोमांस) असे चार प्रकार, ठरलेल्या वेळी बंद डब्यातून परीक्षकांच्या टेबलावर जातात. रूप, चव आणि मऊपणा यांना गुण. ते चकचकीत स्मोकर, म्हणजे धुरावर भाजायच्या भट्ट्या, लावून बसलेले संघ तुम्हाला ताट वाढायला बसलेले नसतात. दुसऱ्या कुठल्या गावच्या महोत्सवाला गेलात आणि तंबूपुढे ताट धरून उभे राहिलात, तर अवघडल्यासारखं होतं. विक्रीचे ठेले वेगळे असतात, तिथे जा.

५. शाकाहारी मंडळी बरोबर असतील तर

खरं सांगायचं तर घरून डबा न्या. गाडीत थेपले, दहीभात काहीही असू द्या.

ताटातले सापळे असे. बेक्ड बीन्समध्ये बहुधा डुक्कर असतं. हिरव्या फरसबीत बेकनचा, म्हणजे खारवलेल्या डुकराचा, तुकडा टाकून शिजवतात. बटाट्याच्या सॅलडमध्ये अंडं असतं, आणि अंड्याचा विचार करणाऱ्यांनी कोलस्लॉच्या (कोबीची कोशिंबीर) मेयोनीजचाही करावा. "मीट नाही ना?" असं विचारलंत तर "नाही" असंच उत्तर येईल, कारण चवीपुरत्या बेकनला इथे कोणी मीट धरत नाही. "यात बेकन किंवा हॅम आहे का?" असं नाव घेऊन विचारा. भाजलेलं कणीस निर्धोक. सासूबाईंनी दुसऱ्या वर्षी दोन कणसं खाल्ली, वर पर्समधलं लिंबू आणि तिखटमीठ लावून. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ते चाखायला मागितलं.

६. खुर्ची मांडणे

ब्लूग्रास महोत्सवात सकाळी दारं उघडली की लोक आत जातात, खुर्च्या मांडतात आणि निघून जातात. दिवसभर त्या रिकाम्या खुर्च्या कोणी हलवत नाही. एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालाला जो मान असतो तोच इथे खुर्चीला असतो. काही ठिकाणी मालक येईपर्यंत रिकाम्या खुर्चीत बसलेलं चालतं. तो आला की हसून उठायचं. सरकवायची मात्र नाही. पुढच्या भागात बुटक्या खुर्च्या, मागे उंच, अशी रचना असते. आमची पहिली खुर्ची कप होल्डरवाली, सिंहासनासारखी उंच होती. मागच्या आजींनी खांद्यावर बोट ठेवून फार गोडपणे आम्हाला शेवटच्या रांगेत पाठवलं.

७. स्टेजसमोर काय ऐकायचं

पाच तारांचा बँजो, मँडोलिन, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, गिटार आणि उभा बास. कधी मांडीवर आडवा धरलेला डोब्रो, हाही गिटारचाच एक प्रकार. ढोलताशा काही नाही. ताल कुठून येतो ते शोधा: बास पहिल्या मात्रेवर 'धुम' करतो आणि मँडोलिनवाला मधल्या मात्रेवर तारा दाबून 'चक्' असा तुटक आवाज काढतो. एकदा तो 'चक्' कानाला सापडला की गाणं उलगडतं.

हे संगीत लोकगीतासारखं वाटलं तरी त्याला वय आहे. बिल मनरो १९११ साली ओवेन्सबरोपासून तासाभराच्या आत असलेल्या रोझीन गावाजवळ जन्मला. त्याच्या बँडचं नाव ब्लू ग्रास बॉइज, कारण केंटकीचं टोपणनावच ब्लूग्रास स्टेट. १९३९ मध्ये तो नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओवरच्या गाण्याच्या कार्यक्रमात दाखल झाला. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज हा पोरगा तीन बोटांनी बँजो वाजवत बँडमध्ये आला आणि आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो तो आवाज तयार झाला. बँडच्या नावावरून संगीताला नाव पडलं. अनेक दिवसांचा पहिला ब्लूग्रास महोत्सव त्यानंतर वीस वर्षांनी, १९६५ मध्ये, व्हर्जिनियातल्या फिनकॅसलला भरला.

एक नाव स्टेजवरून क्वचित घेतलं जातं, म्हणून इथे घेते: आर्नल्ड शुल्ट्झ. याच भागातला कृष्णवर्णीय गिटार आणि फिडलवादक, १९३१ मध्ये वारला. किशोरवयीन मनरो नाचाच्या कार्यक्रमांत त्याच्याबरोबर वाजवायचा आणि आपल्यावर त्याचा प्रभाव आहे असं पुढे सांगायचा. बँजोची मुळंही गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन माणसांकडे जातात.

दाद कधी द्यायची? एकाने आपला तुकडा, म्हणजे 'ब्रेक', वाजवून संपवला की लगेच टाळी, गाणं चालू असतानाच. शेवटपर्यंत थांबलात तर फक्त गायकाला दाद दिल्यासारखं होतं. "वाह" म्हणालात तरी चालतं. म्हणून बघितलंय.

८. गाड्यांच्या मागे जा

स्टेजवरचं ऐकून बहुतेक पाहुणे घरी जातात. ही चूक करू नका. खरी मैफल तंबूंच्या रांगांत आणि पार्किंगमध्ये, रात्री नऊनंतर.

आम्ही पाहिलेली एक सांगते. कॅम्परव्हॅनच्या पुढे ओढलेल्या कनातीखाली एक दिवा. बारा-तेरा वर्षांचा मुलगा मँडोलिनवर, आजीबाई स्वतःपेक्षा उंच बासवर, बँजोवर एक ट्रक ड्रायव्हर. कोणी एकमेकांना ओळखत नव्हतं. गाणं सुरू करणारा स्वर सांगतो, बाकीचे गिटारच्या मानेवर कापो (स्वर चढवायचा चिमटा) चढवतात आणि सुरुवात होते. ब्रेकची पाळी हनुवटीच्या इशाऱ्याने फिरते. नको असेल तर मान हलवायची, पुढच्याकडे जाते. संपवायचं कसं? म्होरक्या एक पाय उचलतो. खरंच, नुसता पाय हवेत धरतो, आणि सगळे एका ठोक्यावर थांबतात.

ऐकणाऱ्याने पाळायचे नियम थोडे आहेत. वर्तुळाच्या बाहेर उभं राहा. तोंडासमोर फोन धरू नका, चित्रण करायचं तर विचारा. गाणं चालू असताना मराठीत मोठ्याने चर्चा नको, ते ऐकू जातं.

वाजवायचं असेल तर? आमच्या एका मित्राने ढोलकी नेली होती. उत्तम वाजवतो. वर्तुळात बसला, दोन गाणी जोरात वाजवली. कोणी काही बोललं नाही, पण हनुवटीचा इशारा त्याच्याकडे एकदाही आला नाही. शेवटी आजीबाई म्हणाल्या, "बाळा, तुझं काम तो मँडोलिनवाला करतोय." मित्राला लागलं, पण त्यांचं बरोबर होतं. तालवाद्य न्यायचं तर आधी विचारा आणि "नको" ऐकायची तयारी ठेवा. व्हायोलिन येत असेल तर खुशाल न्या. कर्नाटकी शिकलेली एक मुलगी तिथे फिडलवाल्यांच्या मागे बसून हळू आवाजात वाजवत होती. तिसऱ्या गाण्याला तिला इशारा मिळाला.

९. आभाळ भरून आलं तर

मे-जूनमध्ये इथे वादळं येतात आणि ती आपल्या वळवासारखी निरुपद्रवी नसतात. 'टोर्नेडो वॉच' म्हणजे हवा तशी आहे, लक्ष ठेवा. 'टोर्नेडो वॉर्निंग' म्हणजे दिसलाय किंवा रडारवर सापडलाय, ताबडतोब पक्क्या इमारतीत, खालच्या मजल्यावर, खिडक्यांपासून लांब. तंबू आणि गाडी दोन्ही आसरा नव्हेत. पोचल्यावर जवळची पक्की इमारत कुठली ते बघून ठेवा. फोनवरचे इशारे बंद केलेले असतील तर चालू करा. विजा असताना कार्यक्रम थांबवतात. पैसे परत मिळतील का ते तिकिटावर लिहिलेलं असतं.

१०. हातात आणखी एक दिवस असेल तर

गावातलं ब्लूग्रास हॉल ऑफ फेमचं संग्रहालय बघा. नवी इमारत २०१८ ची आहे. उन्हाळ्यातला शुक्रवार असेल तर रोझीनला जा. एका जुन्या धान्याच्या कोठारात संध्याकाळी गावकरी वाजवतात, तिकीट नसतं. तिथल्या दफनभूमीत मनरोची समाधी आहे, उंच दगडी स्तंभ, लांबून दिसतो.

११. बर्गू घरी नेताना

बर्गू क्वार्टच्या आणि गॅलनच्या डब्यात विकत मिळतं. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, क्वार्ट त्याच्या चौथाई. चौघांच्या घराला दोन जेवणं. शेवटी घेऊ म्हणालात तर संपतं, सकाळीच घ्या आणि लगेच बर्फाच्या पेटीत ठेवा. गरम दिवसात बंद गाडीत तास-दोन तास राहिलेलं मांस खाऊ नये. डबा उभा ठेवा आणि दोन्ही बाजूंनी काहीतरी लावा. आमचा नॅचर पुलाच्या वळणावर आडवा झाला आणि ऑगस्टपर्यंत गाडीला हिकरीचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर गरम करा, वरून हिरवी मिरची आणि लिंबू. पावाबरोबर ठीक लागतं. ज्वारीच्या भाकरीबरोबर जास्त चांगलं.